वय एक, वजन दोन

रग्बी हा अंगाला अंग भिडवून खेळावयाचा खेळ. न्यूझीलंडमध्ये तो गावोगाव खेळला जातो. त्यामुळे त्यातील एक पेच तेथील जाणकारांच्या ध्यानी पूर्वीच आला. तेरा वर्षांची दोन मुले शेजारी उभी करावीत, तर एकाला मिसरूड फुटलेले आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. जन्मदाखला दोघांना सारखे लेखतो, मैदान लेखीत नाही. यास्तव ऑकलंडमध्ये मुलांचे गट पाडताना वयाबरोबर वजनही पाहतात.

उपाय शहाणपणाचा खरा, पण पुरता नव्हे. वजनाने भारी परंतु वयाने कोवळ्या मुलाला थोरांत ढकलले की तो बिचकतो. वेळेआधी वाढलेल्याला समवयस्कांतच ठेवले, तर तो नुसत्या धडकेवर गुण मिळवितो. चेंडू द्यावा कसा, अंग चुकवावे कसे, हे शिकतच नाही. पुढे इतर मुले उंचीने त्याला गाठतात, तेव्हा त्याची मिरास संपते. किरकोळ मुलगा मात्र तोवर खेळ सोडून घरी बसलेला असतो. हे नुकसान कोणत्याच गुणफलकावर दिसत नाही.

आपल्या कबड्डीतही कुमारांना वजनाची अट आहे. ती साधावी म्हणून सामन्यापूर्वी पोरे उपाशी राहतात, हे आम्ही पाहिले आहे. (आम्ही उपोषणे केली ती निराळ्या कारणासाठी!) काटा एका दिवसाचे वजन सांगतो, मुलाची वाढ, धिटाई आणि भीती वर्षभर पाहणारा प्रशिक्षकच जाणतो. त्याला मुलगा या गटातून त्या गटात हलविण्याची मुभा हवी. आमच्या गोव्यातील शाळांनी निदान एवढे करावे, की चषकासाठी थोराड पोरे निवडताना बाकावरच्या बारक्याला दर सामन्यात थोडा वेळ तरी मैदानात उतरवावे.