पुढच्यास ठेच, मागचा शहाणा... होतो का?

जानेवारीचा शेवटचा आठवडा आला की माझ्या डोक्यात तारखांची एक रांग उभी राहते. (इतिहास शिकवून शिकवून लागलेली खोड, दुसरं काय!) २७ जानेवारी १९६७, २८ जानेवारी १९८६ आणि १ फेब्रुवारी २००३. वर्षं वेगळी, पण अमेरिकेचे तिन्ही मोठे अवकाश अपघात कॅलेंडरच्या या सहा दिवसांतच झाले.

पहिल्या तारखेला अपोलो-१ च्या कुपीत ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघे जमिनीवरच, सराव चालू असताना आगीत गेले. दुसऱ्या तारखेला चॅलेंजर उड्डाणानंतर ७३ सेकंदांत आकाशात फुटलं, सात जण गेले. तिसऱ्या तारखेला कोलंबिया परत येताना टेक्सासवर विखुरलं, त्यातही सात. त्या सातांत आपली कर्नालची कल्पना चावला होती. रशियाचेही चौघे गेले. १९६७ मध्ये कोमारोव्ह, पॅराशूट नीट उघडलं नाही म्हणून. आणि १९७१ मध्ये सोयुझ-११ मधले तिघे, परतताना यानातली हवाच निघून गेली म्हणून.

या लोकांची आठवण निघाली की भाषणात एक शब्द हमखास येतो... ‘बलिदान’. मंडळी, माझा आक्षेप त्या शब्दाला आहे. त्यांच्या धैर्याबद्दल शंका नाहीच. धोका आहे हे माहीत असूनच ते आत बसले. पण बलिदान म्हटलं की हात जोडायचे, दोन मिनिटं उभं राहायचं, आणि संपलं. मग ‘हे टळलं असतं का?’ असं विचारायला जीभच रेटत नाही.

आणि टळलं असतं हो! अपोलो-१ च्या कुपीत नुसता प्राणवायू दाबून भरला होता आणि दार आतल्या बाजूला उघडणारं होतं. आग लागल्यावर आतला दाब वाढला आणि ते उघडेना. पण अग्निबाणात इंधन नव्हतं, म्हणून त्या सरावाला कोणी धोक्याचा समजलंच नव्हतं. चॅलेंजरच्या वेळी आदल्या संध्याकाळी इंजिनिअर लोक फोनवर सांगत होते, थंडी फार आहे, सांध्यातली रबरी कडी ताठरेल, उद्या उडवू नका. त्यांचं म्हणणं बाजूला ठेवलं गेलं. पुढे चौकशीत फाइनमन या शास्त्रज्ञाने त्या रबराचा तुकडा सगळ्यांसमोर बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवला. माध्यमिक शाळेतल्या प्रयोगाइतकं सोपं!

त्या यानात ख्रिस्टा मॅकऑलिफ नावाच्या एक शिक्षिका होत्या. अकरा हजारांहून जास्त अर्जांतून निवडलेल्या. अवकाशातून दोन धडे घेणार होत्या. शाळाशाळांतली मुलं टीव्हीसमोर बसून ते उड्डाण पाहत होती. शिक्षक म्हणून हे मला आजही सोसवत नाही.

कोलंबियाची बातमी आली ती आपल्याकडे शनिवारची संध्याकाळ होती. सोमवारी शाळेत श्रद्धांजली झाली. नंतर सातवीतली एक मुलगी जवळ येऊन म्हणाली, “सर, त्यांना वर असताना माहीत होतं का?” मी म्हणालो, “चौकशी होईल, मग सांगतो.” ऑगस्टमध्ये अहवाल आला, वर्तमानपत्रात छापून आलं ते मी वर्गात वाचून दाखवलं. उड्डाणानंतर ८२ सेकंदांनी टाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता. रॉडनी रोचा आणि त्यांच्या सहकारी इंजिनिअरांनी, पंखाचे फोटो मिळवा म्हणून विनंती केली होती. वरिष्ठांना गरज वाटली नाही. यानातल्या लोकांना एवढंच कळवलं गेलं की तुकडा लागलाय, काळजीचं कारण नाही. म्हणजे तिच्या प्रश्नाचं उत्तर असं, की त्यांना माहीत होतं, पण काळजी करू नका असं सांगितलेलं होतं. सगळा वर्ग गप्प झाला.

फोम याआधीच्या उड्डाणांतही सुटत असे. काही झालं नाही, म्हणून काही होणार नाही, असं धरून चालले. चॅलेंजरच्या कड्यांचंही तसंच झालं होतं. आपल्याकडे म्हण आहे, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. इथे ठेच लागून सतरा वर्षं झाली होती, आणि मागचा पुन्हा त्याच दगडावर!

कल्पनाची एक आठवण मात्र मला मनापासून आवडली. २००२ मध्ये आपण सोडलेल्या मेटसॅट या हवामान उपग्रहाला अपघातानंतर चारच दिवसांनी वाजपेयींनी ‘कल्पना-१’ हे नाव दिलं. पुढे कितीतरी पावसाळे हवामान खात्याला ढगांची चित्रं त्याच्याकडून मिळत होती. आमच्या वरवट बकालसारख्या गावात जूनमध्ये कपाशीचं बियाणं घरात आणून सगळे आभाळाकडे बघत बसतात. तिथे त्या नावाचं काम चालू होतं. पुतळ्यापेक्षा हे शंभरदा बरं.

आता आमच्या गावचीच एक गोष्ट. एका वर्षी शाळेची सहल लोणारला निघायची होती. उल्का पडून झालेलं सरोवर, जिल्ह्यातलंच, पण पोरांनी पाहिलेलं नव्हतं. पहाटे सगळे डबे घेऊन हजर, आणि ड्रायव्हर म्हणाला, “ब्रेक ढिला लागतो, आज नाही नेत.” पोरं रडली, पालक चिडले. दुसऱ्या दिवशी सहल गेली आणि सुखरूप परत आली. त्या ड्रायव्हरचं नाव आज गावात कोणाला आठवत नाही. काही झालंच नाही ना! जो वेळेवर थांबवतो त्याची आठवण ठेवायची आपल्याला सवयच नाही.

म्हणून २०२५ च्या जूनमध्ये मला बरं वाटलं. शुभांशु शुक्लांचं उड्डाण अग्निबाणातून द्रव प्राणवायू गळत असल्यामुळे पुढे गेलं. गळती पूर्ण दुरुस्त करा, असा आपल्या इस्रोच्या मंडळींचाही आग्रह होता. तेव्हा टीव्हीसमोर बसलेले आमचे नातेवाईक म्हणत होते, “काका, रोजच पुढे ढकलतात!” मी म्हणालो, “ढकलू द्या रे बाबांनो!” २५ जूनला ते गेले आणि १५ जुलैला हसत परत आले. गगनयानाच्याही तारखा अनेकदा पुढे गेल्या. त्यावर विनोद करणाऱ्यांनी वरच्या तीन तारखा एकदा वाचाव्यात.

तेव्हा शिक्षक असलेल्या वाचकांना एक विनंती. १ फेब्रुवारीला कल्पनाच्या फोटोला हार जरूर घाला. पण त्याच दिवशी मुलांना त्या फोटो मागणाऱ्या इंजिनिअरांचीही गोष्ट सांगा. आणि वर्गात एखादं पोर उठून “सर, हे बरोबर वाटत नाही” म्हणालं, तर त्याला खाली बसवू नका. त्याचं काय म्हणणं आहे ते पूर्ण ऐकून घ्या.

असो. फार लांबलं. तुम्हाला काय वाटतं ते जरूर लिहा.