गोदाम नसलेले दुकान

संगणकीय खेळ रचणाऱ्यांना झाडे, घरे, पात्रे, पावलांचे आवाज असे तयार साहित्य लागते. ते विकण्याचे दुकान आता घरबसल्या मांडता येते. माल एकदा घडवायचा, प्रती हव्या तितक्या. गोदाम नाही, घट-तूट नाही. व्यापारी घरांतील वडीलधाऱ्यांना हे प्रथम पटत नाही, हे मी जाणतो.

१,००० रुपयांच्या एका संचाचा हिशेब पाहावा. २०१० मध्ये उघडलेल्या युनिटी असेट स्टोअरवर ३०० रुपये दुकानाचे. २०१३ च्या इच डॉट आयओवर दुकानाचा वाटा विक्रेताच ठरवतो. न बदलल्यास दहा टक्के, शिवाय पैसे वळते करण्याचे शुल्क. स्वतःच्या संकेतस्थळावर देशी कार्डासाठी साधारण दोन टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जेमतेम २४ रुपये. मात्र गिऱ्हाईक आपणच शोधायचे, आणि तो शोध ३०० रुपयांहून महाग पडू शकतो. माझ्या मते आधी भरल्या बाजारात गाळा घ्यावा, नाव झाल्यावर स्वतंत्र पेढी.

खरी मेख परवान्यात आहे. येथे बहुधा वस्तू नव्हे, वापराची परवानगी विकली जाते. किती खेळांत वापरता येईल, मूळ फाइल पुढे विकता येईल का, हे विक्रीपूर्वीच लिहून ठेवावे. दुसऱ्याचे चित्र वा ध्वनी परवानगीवाचून मिसळला असेल, तर विकण्याचा हक्कच उरत नाही. तारणावर कर्ज देताना आम्ही बँकेत प्रथम मालकीची कागदपत्रे तपासत असू. तीच नजर येथे हवी. परदेशातून आलेल्या रकमांचे बँकेचे दाखलेही पहिल्या विक्रीपासून जपावेत.