दिवसा राम, रात्री कृष्ण

बुद्धिबळाच्या स्पर्धांना मुलांना घेऊन हिंडणाऱ्या पालकांचा एक निराळाच समाज अलीकडे तयार झाला आहे. फेरी सुरू झाली की सभागृहाचे दार बंद होते आणि हा समाज व्हरांड्यात, पायऱ्यांवर, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर विसावतो. फिके चहा पितो, एकमेकांच्या मुलांचे गुणांकन विचारतो आणि दार उघडण्याची वाट पाहतो. मूल बाहेर आले की ते काय सांगते याआधी त्याचा चेहरा वाचला जातो. गेली तीन वर्षे आम्ही उभयता या समाजाचे सभासद आहोत. दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो, दोघांनाही बुद्धिबळ येत नाही, आणि तरीही राज्यातल्या बऱ्याच गावांची आमची ओळख तिथले मंगल कार्यालय, तिथला लॉज आणि त्या दोहोंमधले रिक्षाभाडे एवढीच आहे. त्या गावात याहून अधिक काही असेल, असे आमच्या मनात कधी आले नाही. आले असते तरी वेळ नव्हता, असे आम्ही म्हणालो असतो.

दिवाळीच्या सुट्टीत सावंतवाडीला दोन दिवसांच्या एका खुल्या स्पर्धेसाठी गेलो तेही असेच. अंबरनाथहून कोकण रेल्वेला जायचे म्हणजे आधी उलट्या दिशेने दिव्यापर्यंत. बुवापाड्यातून अंधारात निघून स्थानक गाठायचे, भरलेल्या लोकलमधून दिव्याला उतरायचे आणि तिथून सावंतवाडीची गाडी धरायची. दिवसभराच्या प्रवासात लेक तिच्या छोट्या चुंबकी पटावर डाव मांडून बसली होती. पनवेलनंतर खिडकीबाहेर जे कोकण सरकत होते, त्याकडे पाहा म्हणून आम्हीही तिला सांगितले नाही. स्पर्धा होती ना.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या फेरीत ती वीस चालींच्या आत हरली. पुढच्या फेरीला दीड तास अवकाश होता. प्रशिक्षकांची सूचना अशी, की फेऱ्यांच्या मध्ये मुलांनी शांत बसावे, हरलेला डाव आठवू नये. पण ती तर तोच आठवत बसली होती, ओठ घट्ट मिटून. तिला उठवावे एवढ्याच हेतूने आम्ही मोती तलावाच्या काठाने चालू लागलो आणि समोर राजवाडा होता म्हणून आत शिरलो. कलेच्या ओढीने गेलो असे लिहायला आवडले असते, पण ते खरे नाही.

आत काही कारागीर बैठकीवर बसून गंजिफा रंगवीत होते. हा शब्द आम्ही किती वर्षे शिकवला! पेशवेकालीन करमणुकींची यादी आली की सोंगट्या, बुद्धिबळ, गंजिफा असे म्हणायचे, ‘गंजिफा म्हणजे एक प्रकारचे पत्ते’ असा खुलासा करायचा आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळायचे. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, अबुल फजलने अकबराच्या दरबारातल्या गंजिफांचे वर्णन केले आहे, हेही सांगून झालेले. हातात घेतले मात्र आता. गोल, हाताच्या तळव्यात मावणारे, लाखेच्या लेपाने टणक झालेले पान. चिंचोक्याच्या खळीने थरावर थर देऊन ते घट्ट करायची जुनी रीत आहे. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, अशी एकशेवीस पाने. माशाच्या रंगाची सात पाने ओळीने मांडली, तर एकवर एक, मग दोनवर दोन अशा माशांची जत्राच भरते. आणि एकाही माशाचा डोळा दुसऱ्यासारखा नसतो.

लेकीने तेवढ्यात विचारले, “कसं खेळतात?”

रंगवणाऱ्या गृहस्थांनी कुंचला खाली न ठेवता हसून उत्तर दिले, “खेळणारे खंय आसत आता, बाय?”

हे एक वाक्य आम्ही परत घेऊन आलो, आणि या लेखाचे निमित्तही तेच. सावंतवाडीची गंजिफा वाचली, असे आपण अभिमानाने म्हणतो. ते खरेच आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कलावंताकडून ही विद्या पुढच्या हातांत जाईल अशी व्यवस्था राजवाड्यातच केली नसती, तर आज तिथे दाखवायला काही उरले नसते. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळाले. पण वाचले ते चित्र. खेळ नाही वाचला. पान हातातून सुटले आणि चौकटीत गेले. ते आता भिंतीवर असते, पेटीत असते, परदेशी पाहुण्याला द्यायच्या भेटीत असते. एकशेवीस पानांनी जी भांडणे, जे हिशेब, जी रात्रीची जागरणे घडवली असतील, ती त्या पेटीत येत नाहीत.

आता बुद्धिबळाकडे पाहा. त्याचे अगदी उलट झाले. १८४९ मध्ये लंडनच्या जॅक्स कंपनीने स्टाँटनच्या नावाने सोंगट्यांचा जो घाट बाजारात आणला, तोच पुढे जगभर प्रमाण झाला. त्यापूर्वी प्रांतोप्रांती हस्तिदंताचे, लाकडाचे, रंगवलेले हत्ती आणि स्वार पटावर उभे असत. ते गेले आणि खेळ मोकळा झाला. अंबरनाथची मुलगी आर्मेनियातल्या मुलाशी, एकमेकांचे तोंडही न पाहता, तेच मोहरे घेऊन खेळू शकते. हा लाभ थोडा नव्हे. पण आमच्या लेकीच्या पटावरील उंटात उंट कोठेही नाही आणि हत्तीच्या जागी एक बुरूज उभा आहे. उंट उरला आहे तो फक्त मराठीत! खेळ वाचला, चित्र गेले. गंजिफा मात्र चितारणाऱ्याच्या बोटांना बांधलेली राहिली. छापील पत्त्यांची स्वस्त पाने बाजारात आली तेव्हा तिला त्यांच्याशी झुंजणे शक्य नव्हते.

खेळाचे उरलेसुरलेही आपण कसे वापरतो, हा पुढचा प्रश्न. मुलीच्या खेळाकडे आम्ही पाहतो ते एका आकड्यातून. जागतिक संघटनेने मार्च २०२४ पासून किमान गुणांकन १००० वरून १४०० वर नेले, तेव्हा व्हरांड्यातल्या पालकांत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. डाव कसा झाला, समोरचा मुलगा काय खेळला, हे आम्ही विचारत नाही, कारण सांगितले तर समजणार नाही. त्यामुळे राजवाड्यातल्या त्या काचेच्या कपाटांवर आणि रिकाम्या खेळावर हळहळायला आम्ही उभे राहिलो, तेव्हा थोडी लाजही वाटली. खेळ बाजूला ठेवून त्याचे दर्शनी मूल्य तेवढे जपणे आम्हीही करीतच होतो.

कारागिरांनी खेळणाऱ्यांसाठीच पाने रंगवावीत, असा उपदेश करण्याचा अधिकार आम्हाला नाही. हाताने रंगवलेला पूर्ण संच आमच्या ऐपतीबाहेरचा होता आणि आम्ही चितारआळीतून लाकडी फळांची एक परडी घेऊन परतलो. कपाटात ठेवणाऱ्यांमुळेच त्यांच्या घरी चूल पेटते. पण एवढे मात्र सुचवावेसे वाटते, की प्रत्येक पेटीत मराठीत नियमांचा एक कागद असावा, आणि सुबक, साध्या छपाईचा, मुलांच्या हाती देता येईल असा स्वस्त संच कोणीतरी काढावा. छापील संच निघाल्यास अस्सल संचाचे मोल घटेल, हा आक्षेप आम्ही ऐकला; पटत नाही. ज्याला खेळ येतो त्यालाच चांगल्या पानाची हाव सुटते. आणि स्पर्धा भरवणाऱ्यांना एक विनंती. दोन दिवसांत सात फेऱ्या कोंबण्याऐवजी एखादी सकाळ मोकळी ठेवा. बाहेरगावची शंभर मुले तुमच्या गावी येतात आणि गाव न पाहता जातात.

त्या स्पर्धेत लेकीला सातपैकी अडीच गुण मिळाले. नियम आम्ही परतल्यावर धुंडाळले. त्यात हुकूम नसतो. अर्ध्या रंगांत दश्शी वरची आणि एक्का सर्वांत खालचा, तर उरलेल्या अर्ध्यांत क्रम नेमका उलटा, त्यामुळे डोके सतत जागे ठेवावे लागते. पाने गोल असल्याने पिसायची नसतात, कापडावर उपडी पसरून कालवायची. लेकीने जुन्या लग्नपत्रिका जमवल्या, त्यांवर वाटी ठेवून वर्तुळे आखली आणि कात्री घेऊन बसली. मासा, कासव, परशू जमले. राजे जमेनात. सगळे राजे बसस्टॉपवर उभे असल्यासारखे दिसू लागले.

मग एका रविवारी रूळ ओलांडून आम्ही पूर्वेला शिवमंदिरात गेलो. शके ९८२ चे, म्हणजे १०६० चे, शिलाहार मांबवाणीच्या काळातले हे मंदिर आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि आम्ही तिथे वर्षातून एकदा, महाशिवरात्रीच्या गर्दीत, बरीच रांग लावून, शिल्पांकडे पाठ करून जातो. १८६८ च्या सुमारास मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी या शिल्पांचे साचे घ्यायला आणि रेखाटने करायला इथे आले होते. त्यांना एवढ्या लांबून यावेसे वाटले. वालधुनीच्या पाण्याचा वास नाकात घेत लेक बाहेरच्या भिंतीपाशी वही मांडून बसली. कोणी कसा कमरेत वाकतो, हात कोठे टेकतो, मुकुट डोक्यावर कसा बसतो, हे ती पाहत राहिली. दोन तास. ती हलेना म्हणून शेवटी आम्हीच तिच्याशेजारी बसलो आणि पाहू लागलो.

एकशेवीस पाने पुरी व्हायला मार्गशीर्ष उजाडला. तिघांत चाळीस-चाळीस पाने येतात. पहिल्याच डावाला वाद झाला. रिवाज असा, की दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे राम तो डाव सुरू करतो आणि रात्री खेळत असाल तर कृष्णवाला. घड्याळात सहा वाजून दहा मिनिटे झाली होती. राम लेकीकडे होता, कृष्ण आमच्यापैकी एकाकडे. खिडकीबाहेर अजून उजेड आहे असे तिचे म्हणणे, आणि दिवे लागले म्हणजे रात्र असे आमचे.