मुकुट आणि बोलण्याचा अधिकार

सौंदर्यस्पर्धा म्हटली की आपल्या समीक्षकी मनात निकाल तयारच असतो : स्त्रीदेहाचे बाजारीकरण. हा निकाल निराधार नाही. पण तो सर्वत्र सारखाच लागू करता येतो का, असा प्रश्न अमेरिकेतील ह्मोंग समाजाच्या नववर्षोत्सवांत होणाऱ्या स्पर्धांचा विचार करताना पडतो.

लाओसच्या डोंगरांत अमेरिकेने चालवलेल्या गुप्त युद्धात अनेक ह्मोंग तिच्या बाजूने लढले. १९७५ मध्ये ती बाजू हरली. हजारो कुटुंबे मेकाँग ओलांडून थायलंडच्या छावण्यांत आणि पुढे कॅलिफोर्निया, मिनेसोटा, विस्कॉन्सिन येथे पोहोचली. ह्मोंगसाठीची रोमन लिपी १९५० च्या दशकातली, तर शाँग लू यांग यांची पहाव लिपी १९५९ ची. तोवर या समाजाची स्मृती प्रामुख्याने मौखिक परंपरेत आणि स्त्रियांच्या भरतकामात टिकून होती. छावण्यांत तर या सुईदोऱ्यातून युद्ध आणि पलायन सांगणारी कथावस्त्रेच जन्माला आली. साहित्याच्या अभ्यासकाने ती ‘संहिता’ म्हणूनच वाचावीत.

मात्र समाजाची गोष्ट स्त्रीने विणायची आणि समाजाच्या वतीने बोलायचे ते पुरुषाने, अशी ही विभागणी होती. लग्नाची बोलणी करणे, कुळांतले तंटे सोडवणे, कुळाचे प्रमुखपद सांभाळणे ही परंपरेने पुरुषांची कामे. या पार्श्वभूमीवर, भरजरी पोशाख आणि चांदीची आभूषणे घातलेली तरुणी व्यासपीठावर उभी राहून वडीलधाऱ्यांसमोर ह्मोंग भाषेत प्रश्नांची उत्तरे देते, तेव्हा ती केवळ पाहिली जात नाही, ऐकलीही जाते. आयोजक ज्याला नेतृत्वाची घडण म्हणतात, तिचा खरा आधार मला येथे दिसतो.

तरीही एक आक्षेप उरतोच. भाषेची आणि पेहरावाची परीक्षा प्रामुख्याने मुलीचीच का? तिच्या भावाला ह्मोंग बोलता येते की नाही, हे मुकुट पुढे करून क्वचितच तपासले जाते. संस्कृतिरक्षणाचे ओझे मुख्यतः मुलीच्या खांद्यावर टाकून त्यालाच सबलीकरण म्हणणे, ही सोयीची भाषा झाली.

माजी सिनेटर मी मुआ २००२ मध्ये मिनेसोटाच्या विधिमंडळात निवडून आल्या. काओली हर यांनी २०२५ मध्ये सेंट पॉलचे महापौरपद जिंकले. हे अधिकार मतदारांनी दिले. परीक्षकांच्या गुणांवर ते मिळत नसतात. म्हणून अशा स्पर्धेचे मूल्यमापन मुकुट चढवण्याच्या क्षणी करू नये. वर्षभराने मुकुट उतरल्यावर त्याच मुलीला कुळाच्या बैठकीत बसायला जागा मिळते का, आणि तेथे तिने प्रश्न विचारला तर उत्तर मिळते का, हे पाहावे. व्यासपीठावर तिला प्रश्न विचारले गेले, एवढ्याने नेतृत्व सिद्ध होत नाही. प्रश्न विचारण्याचा अधिकार तिच्याकडे आला, तरच ते सिद्ध होईल.