सीलिंगची भेग बुजवायचे नाही, ओळखायचे पैसे घ्या



मागच्या पावसाळ्यात इगतपुरीचा एक मुलगा माझ्याकडे आला. फॉल्स सीलिंगच्या दुरुस्तीची कामं घेतो, हात चांगला आहे. म्हणाला, "सर, काम भरपूर आहे पण पैसे उरत नाहीत." हिशोब मांडला तेव्हा कळलं, एकाच बंगल्यात तो तीनदा गेला होता. पैसे एकदाच मिळाले. दोन फेऱ्या, पुट्टी, रंग, मदतनिसाची हजेरी, सगळं खिशातून.

भेग दिसली की पुट्टी भरायची आणि वरून रंगाचा हात मारायचा, हीच पद्धत. दीड महिन्यात तीच भेग पुन्हा हजर.

इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. त्यात सेकंड होमचे बंगले आठवडाभर बंद. आत दमट हवा कोंडलेली, आणि शनिवारी मालक आले की एसी सुरू. बोर्ड, पत्र्याची फ्रेम आणि भिंत या तिन्ही गोष्टी सारख्या हलत नाहीत. मग जिथे जोड कच्चा, तिथे फाटतं. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, मुंबईकर आणखी जवळ आला. कामं वाढतीलच. पण तीन फेऱ्यांचं काम वाढलं तर तोटाच वाढेल ना?

म्हणून आधी भेग वाचायला शिका. सरळ रेषेत, दोन बोर्डांच्या मधोमध असेल तर जोडावर टेप नाही किंवा ती सुटली आहे. भिंतीच्या कडेकडेने फिरत असेल तर सीलिंग आणि भिंत वेगवेगळी हलतायत. तिथे कडक पुट्टी टिकणारच नाही, रंग बसेल असा लवचीक सीलंट लावा. गोल गोल ठिपके उठलेत? स्क्रू सैल आहेत. आणि पिवळट-तपकिरी डाग असेल, बोर्ड पोटासारखा खाली आला असेल, तर पत्रा हातात घेऊच नका. वर स्लॅब किंवा पाइप गळतोय. भिजलेल्या जिप्समची ताकद जाते, तो बोर्ड बदलावाच लागतो, पण गळती थांबल्यावर.

जोडाची भेग असेल तर ती थोडी रुंद करा, सुटं झालेलं खरवडा, बोर्ड हलत असेल तर आधी स्क्रूने फ्रेमला आवळा. मग जॉइंटिंग कंपाउंड, त्यात कागदी टेप दाबून बसवा, वर आणखी दोन हात, प्रत्येक हात आधीच्यापेक्षा रुंद. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. इथेच सगळे घाई करतात. जुलैत इगतपुरीत टॉवेल वाळत नाही, तिथे कंपाउंड एका रात्रीत कुठून वाळणार! मग पॉलिश पेपर, प्रायमर, रंग.

माझं मत काहींना पटणार नाही: पाहणीची फी वेगळी घ्या. "बघायचे कसले पैसे?" असं गिऱ्हाईक म्हणेलच. म्हणू दे. जो पाहणीचे पैसे देत नाही तो तिसऱ्या फेरीचेही देणार नाही. फी घेतलीत तर कागदावर लिहून द्या, भेग कशाची, उपाय काय, हमी कशाची आणि कशाची नाही. गळती असेल तर हमी शून्य, तेही लिहा. काम गेलं तरी चालेल.

त्या मुलाने आता पावसाळ्यात भरणं बंदच केलंय. जून ते सप्टेंबर तो फक्त पाहणी करतो. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करतो, शेजारी तारीख लिहितो आणि फोटो मालकाला पाठवतो. महिन्याने वॉचमनकडून दुसरा फोटो मागवतो. भेग खुणेच्या पुढे गेली असेल तर आधी कारण शोधतो. नसेल तर दिवाळीआधीची तारीख देऊन अॅडव्हान्स घेतो. परवा फोन आला होता, ऑक्टोबरसाठी अजून एक हेल्पर शोधतोय म्हणाला.