दुर्बीण कपाटात ठेवू नका

परवा नातीने विचारलं, "आजोबा, द्विनेत्री घ्यायची तर किती पटीची घेऊ?" तिला वीस पटीची एक आवडली होती. मी म्हटलं, आधी चष्मा लावून तिच्यातून नीट दिसतं का बघ, आणि पावसाळ्यात ती ठेवणार कुठे ते सांग. पटीचं नंतर. तिला वाटलं, म्हातारा विषय टाळतोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी काही विज्ञानाचा मास्तर नव्हे. बी.ए. झालो तोही मराठी माध्यमातून. जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला. पण १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा आमच्या कोकणातल्या शाळेने वर्गणी काढून ७×५० ची द्विनेत्री घेतली, आणि कपाटाची किल्ली आली माझ्याकडे. का, तर मी वस्तू जपतो म्हणून!

मार्चमधली पहाट होती. मैदानावर मुलांची रांग. मी द्विनेत्री माझ्या डोळ्यांना जुळवून घेतली आणि फर्मान काढलं, "चाकाला कोणी हात लावायचा नाही." खराब झाली तर? एक मुलगी जाड चष्म्याची होती. तिला म्हटलं, "चष्मा काढ, काचेला काच घासेल." तिने काढला. बराच वेळ बघत राहिली. मागची मुलं ढकलायला लागली तशी म्हणाली, "दिसला, सर." आणि बाजूला झाली.

तिला काहीही दिसलं नव्हतं. त्या वर्षीचा हॅले म्हणजे मुळातच कापसाचा पुसट बोळा. जुळणी जरा चुकली की संपलंच. हे मला कळलं फार उशिरा, माझ्याच चष्म्याचा नंबर वाढल्यावर.

गोष्ट साधी आहे. डोळा त्या मागच्या भिंगापासून ठराविक अंतरावर असला तरच पूर्ण गोल चित्र दिसतं. याला 'आय रिलीफ' म्हणतात. भिंगाभोवतीची रबराची वाटी उघड्या डोळ्याला त्या अंतरावर धरते. चष्मा असेल तर अंतर आधीच पडलेलं असतं, म्हणून वाटी दुमडायची (हल्लीच्या काहींत ती फिरवून आत जाते). दुमडली नाही तर नळीतून बघितल्यासारखं इवलंसं दिसतं. चष्मेवाल्यांनी हे अंतर निदान १५ मिलिमीटर आहे ना ते विचारूनच घ्यावं. स्वस्तातल्या पुष्कळ द्विनेत्रींत ते कमीच असतं. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून चाकाने भागतं. सिलिंडरचा नंबर मात्र चाकाने भरून निघत नाही, चष्मा ठेवावाच लागतो. त्या मुलीचा नंबर कुठला होता, मी विचारलंच नाही. साधा असता तर चाक फिरवून तिला दिसलं असतं, आणि सिलिंडरचा असता तर वाटी दुमडून. दोन्ही वाटा मी बंद केल्या होत्या.

उजव्या डोळ्याकडे आणखी एक छोटी कडी असते, तिच्याकडे कोणी बघतच नाही. आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्याचं जुळवायचं, मग डावा मिटून त्या कडीने उजव्याचं. एवढं केलं नाही की पाच मिनिटांत डोकं दुखतं आणि लोक म्हणतात, द्विनेत्री वाईट आहे.

पटीचा मोह सोडावा हेही त्यातच आलं. दहा पटीच्या वर हात स्थिर राहत नाही, माझा तर आठलाच हलतो. मी कोपरं गच्चीच्या कठड्यावर टेकवतो, नाहीतर सरळ चटईवर आडवा होतो. ५० ला ७ ने भागलं की सात मिलिमीटर येतात. एवढ्या जाडीचा उजेडाचा झोत मागून बाहेर पडतो. तरुण बाहुली अंधारात तेवढी उघडते. आमच्या वयात पाचाच्या आसपासच, म्हणजे उरलेला उजेड फुकट. म्हाताऱ्यांना ८×४० पुष्कळ.

आता जपण्याबद्दल. त्या पहाटे भिंगांवर दव पडलं होतं. मी ते खिशातल्या रुमालाने पुसलं, त्याच रुमालाने, ज्याने मी खडूचे आणि लाल मातीचे हात पुसत असे. लगेच टोपणं लावली, चामड्याच्या पेटीत घातली, पेटी लोखंडी कपाटात, कपाटाला कुलूप. यातली एकूण एक गोष्ट चूक. पण करताना किती समाधान वाटलं होतं!

१९९७ ला हेल-बॉप आला तेव्हा पेटी उघडली. अकरा पावसाळे गेले होते. भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. बुरशी. दुरुस्तीवाल्याने सगळी खोलली, पुसली, तरी नक्षी राहिलीच. बुरशी जे आम्ल सोडते ते भिंगावरचा पातळ लेप खातं, मग ते कोणाला परत आणता येत नाही. तो म्हणाला, "वापरात असती तर वाचली असती."

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. आपल्याकडे दुर्बिणी मुलांच्या हातांनी कमी मरतात, कुलपाने जास्त. बुरशीला ओल, अंधार आणि कोंडलेली हवा लागते, आणि आपण नेमकं तेच पुरवतो. दव पडलं तर पुसू नये. घरात आणून टोपणं न लावता पालथी ठेवावी, वाळली की मग टोपणं. दुर्बिणीच्या तोंडाला काळ्या कागदाची लांब नळी बसवली की दव पडतच उशिरा. धूळ आधी रबरी फुग्याने उडवावी, मग मऊ कुंचल्याने. पुसणं अगदी शेवटी, तेही भिंगाच्या कागदाने, द्रव कागदावर टाकून, भिंगावर नव्हे. थोड्या धुळीने काही बिघडत नाही, रोजच्या पुसण्याने बिघडतं. आणि पावसाळ्यात घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल. दाण्यांचा रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरायचे. चामड्याची पेटी दिसायला रुबाबदार, पण तीच ओल धरून ठेवते. ती आमच्याकडे हल्ली सुईदोऱ्याला आहे.

(मुलांच्या हातात देताना एकच धाक हवा, सूर्याचा. जुन्या छोट्या दुर्बिणींबरोबर डोळ्याकडच्या भिंगाला लावायची काळी काच मिळत असे. ती तापून तडकते. सापडली तर फेकून द्या.)

गेल्या वर्षी शाळेला मी एक ८×४० दिली. अट एकच घातली: सोबत एक वही, आणि द्विनेत्री बाहेर निघाली की त्यात नोंद. सलग दोन महिने पान कोरं दिसलं तर परत घेऊन जाईन, असं मुख्याध्यापकांना सांगून ठेवलंय. ते हसले. मी हसलो नाही. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय, चाकाला प्रत्येकाने हात लावावा.