वस्ताद बदलावा का?

अँथनी जोशुआ हरला की आमच्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये एका मिनिटात निकाल लागतो, "कोच बदल म्हणावं त्याला!" क्रिकेटमध्ये कॅप्टन बदलायचा, बॉक्सिंगमध्ये ट्रेनर. सोपं आहे ना!

पण या पठ्ठ्याने बदलले तरी किती? सप्टेंबर २०२१ मध्ये युसिककडून हरल्यावर त्याने रॉब मॅक्रॅकनला सोडून रॉबर्ट गार्सियाला धरलं. ऑगस्ट २०२२ मध्ये परत युसिककडूनच हार (या वेळी लढत जास्त अटीतटीची झाली, हे मान्य). मग डेरिक जेम्स, मग बेन डेव्हिसन. सव्वादोन वर्षांत चार ट्रेनर! आमचे एम-थ्रीचे सरसुद्धा इतके बदलले नाहीत. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये डॅनियल डुबॉयने वेम्बलीवर पाचव्या राउंडमध्ये त्याला आडवं केलंच.

चाकण-भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये ट्रेनिंगला जाऊन आलेल्यांना हे लगेच कळेल. सेटिंग चुकलं असेल तर चांगला सेटर थोड्या वेळात जॉब ओके करून देतो. पण डायच झिजली असेल तर सेटर कितीही बदला, बर येतच राहणार. तिशी ओलांडलेल्या हेवीवेटचं नेमकं काय बिघडलंय, सेटिंग की डाय, हे कुणी विचारतच नाही. माझं म्हणणं एवढंच की, काय बदलायचंय ते ठरवून नव्या माणसाकडे गेलात आणि पहिल्या आपटीनंतर तिथून पळाला नाहीत, तरच त्याचा उपयोग.

व्लादिमीर क्लिच्को बघा. इमॅन्युएल स्टुअर्डच्या हाताखालची पहिलीच लढत, एप्रिल २००४, आणि लॅमन ब्रूस्टरने त्याला हरवलं. दुसरा कुणी असता तर दुसऱ्या दिवशी नवा ट्रेनर शोधला असता. हा थांबला. स्टुअर्डने त्याची हनुवटी काही बदलली नाही, ती बदलता येतच नाही. त्याने साडेसहा फूट उंचीचा उपयोग शिकवला. डाव्या हाताचा जॅब मारून समोरच्याला लांब ठेवायचं, जवळ आलाच तर मिठी मारून बांधून टाकायचं. ठोसा हनुवटीपर्यंत पोचूच द्यायचा नाही! लोकांनी 'बोअर' म्हणून नावं ठेवली, पण पुढे थेट नोव्हेंबर २०१५ पर्यंत तो हरला नाही.

उलट उदाहरण वाइल्डरचं. फ्युरीने डिसेंबर २०१९ मध्ये शुगरहिल स्टुअर्डला ट्रेनर केलं, ते मागे सरून खेळण्याऐवजी अंगावर जायचं ठरवून. फेब्रुवारी २०२० मध्ये सातव्या राउंडला त्याने वाइल्डरचा खेळ खलास केला. मग वाइल्डरने काय करावं? मार वाचवायला टॉवेल टाकणाऱ्या मार्क ब्रेलंडलाच काढून टाकलं! ऑक्टोबर २०२१ मध्ये परत फ्युरीच, अकरावा राउंड, परत आडवा.

आता कुणी म्हणेल, हे परदेशात चालतं. आपल्याकडे वस्ताद म्हणजे बापाच्या जागी, तालीम सोडली की गद्दार. मला हे पटत नाही. पाटोद्याचा राहुल आवारे पुण्यात हरिश्चंद्र बिराजदारांकडे घडला. २०११ मध्ये ते गेले आणि तो काका पवारांच्या तालमीत आला. तो हेवीवेट नाही, ५७ किलोचा, आणि त्याने वस्ताद हौसेने बदलला नव्हता. तरी बघण्यासारखं आहे. लगेच काही चमत्कार झाला नाही, मधे २०१६ चं रिओ ऑलिंपिकही हुकलं. पण तो टिकून राहिला. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण, २०१९ मध्ये ६१ किलोत जागतिक स्पर्धेचं ब्राँझ. यात बिराजदारांशी गद्दारी कुठे झाली? त्यांनी घातलेल्या पायावरच पुढचं बांधकाम झालं ना?

आणि वस्तादच सगळं ठरवतो म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच पट्ट्यातला दाखला. चाकणच्या पुढे राजगुरुनगर, तिथल्या राक्षेवाडीचा शिवराज राक्षे. जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडला 'महाराष्ट्र केसरी'ची फायनल झाली, राक्षे विरुद्ध महेंद्र गायकवाड. दोघेही काका पवारांच्याच तालमीतले! वस्ताद एकच, गदा मात्र राक्षेच्या खांद्यावर.

मला सगळ्यात आवडतो तो लेनॉक्स लुईस. १९९४ मध्ये ऑलिव्हर मॅकॉलने त्याला दुसऱ्याच राउंडमध्ये पाडलं. मॅकॉलच्या कोपऱ्यात होता हाच इमॅन्युएल स्टुअर्ड. लुईसने राग धरला नाही, सरळ त्यालाच आपला ट्रेनर केलं. आपली चूक ज्याने हेरली, ती दुरुस्त करायला त्याच्याइतका लायक कोण? पुढे एप्रिल २००१ मध्ये हसीम रहमानने लुईसला दक्षिण आफ्रिकेत लोळवलं. त्याआधी लुईससाहेब हॉलिवूडच्या शूटिंगमध्ये रमले होते आणि तिथल्या उंचीवर सराव करायला उशिरा पोचले होते. तेव्हाही 'स्टुअर्डला काढा' म्हणणं सोपं होतं. लुईसने ट्रेनर तोच ठेवला, तयारी बदलली. सात महिन्यांनी, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्याने रहमानला चौथ्या राउंडमध्ये झोपवलं.